छत्री पंपाचा जीर्णोद्धार

४ सप्टेंबर, गुरुवार

चित्राने ही डायरी आणून दिली. म्हणाली, "दिवसभर मला जे ऐकवता ते यात लिहा. मला जरा सुट्टी." तिने जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे कुठल्याही दुखण्यावर लेखन हा तिचा उपाय. माझं दुखणं म्हणजे निवृत्ती. कंपनीत क्वालिटी खात्यात लोकांच्या चुका काढायचो आणि त्याबद्दल पगार मिळायचा. आता तेच काम घरी फुकट करतो, तर कुणाला कदर नाही.

आज लिहायला विषय मात्र आहे. छत्री पंप जाणार. नाशिक रस्ता रुंद होतोय आणि त्याची लाल रेघ पंपाच्या खांबावरून थेट मागच्या दोन खोल्यांपर्यंत गेली आहे. भोसरीत कंपन्या नव्हत्या, ज्वारी होती, तेव्हा उद्धवरावच्या वडिलांनी हा पंप बांधला. एका खांबावर गोल काँक्रीटची छत्री आणि तिच्याखाली हाताने दांडा मारून पेट्रोल भरायचं मशीन, वर काचेच्या दोन बरण्या. उद्धवराव माझा मित्र, दोन वर्षांपूर्वी गेला. पेट्रोल त्याच्याही आधी बंद झालं होतं. मागच्या खोल्यांत आता दुर्गावहिनी एकट्या राहतात. बसचे कंडक्टर अजून "छत्री पंप" असंच ओरडतात आणि पंप पाडल्यावरही ओरडतील. जे पाडलं त्याचं नाव स्टॉपला ठेवायचं, ही आपल्याकडची श्रद्धांजली.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, सुजितच्या त्या अकराव्या मजल्यावर मला न्हाई ऱ्हायचं. खाली बघितलं की मानसं मुंग्यावानी दिसत्यात, न् वर बघावं तर नुसता पंखा." सुजित त्यांचा मुलगा, हिंजवडीला कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. मी म्हणालो, "वहिनी, मी आहे ना."

हे घरी सांगितलं तर चित्रा म्हणाली, "तीच तर भीती आहे."

७ सप्टेंबर, रविवार

छत्री पंप बचाव समिती स्थापन झाली. व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका दिवसात दोनशे लोक आले आणि सगळ्यांनी हात जोडलेले पाठवले. प्रत्यक्ष बैठकीला तिघे होतो. एक मी, एक ज्ञानोबाशेठ, आणि एक गृहस्थ ज्यांना वाटलं की ही पाणी कमी दाबाने येतं त्याबद्दलची बैठक आहे. त्यांना चहा पाजून सहसचिव केलं.

ज्ञानोबाशेठ आणि मी एकाच वर्षी अप्रेंटिस लागलो. मी नोकरीत राहिलो, त्याने एमआयडीसीत शेड घेतली. आज चाकणच्या कंपन्यांना तो केसाच्या दहाव्या भागाइतकं बारीक माप पाळून पार्ट करून देतो. म्हणाला, "मशीनचं काम आसंल तर सांग, राव. भाषण मला जमत न्हाई." असा माणूस समितीत हवा.

११ सप्टेंबर, गुरुवार

सुजितने एक मुलगी आणली. मैत्री तिचं नाव. जुन्या इमारती जपण्याचं शिक्षण घेतलेली आर्किटेक्ट आहे. असंही शिक्षण असतं. तासभर ती खांबाला हात लावून उभी होती. मग मशीनच्या गंजाचे फोटो काढले, इतक्या जवळून की मला लाज वाटली. आपल्या घरी पाहुणे यावेत आणि त्यांनी मोरीचे फोटो काढावेत, तसं झालं.

पण बातमी चांगली आहे. दसरा झाला की महापालिकेची वारसा समिती पाहणीला येणार. त्यांनी पंप यादीत घेतला तर रस्ता चार पावलं वळेल, छत्री राहील, मागच्या खोल्याही राहतील. वहिनींनी हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

निघताना मैत्री मला म्हणाली, "काका, एकच विनंती आहे. तोपर्यंत काही करू नका. झाडून घ्या, बस. रंग नको, दुरुस्ती नको. गंजसुद्धा राहू द्या."

सुजित लगेच, "हो काका, ती म्हणते तसंच करू या."

मी हसलो. इतक्या वर्षांत कंपनीत किती ऑडिट पाहिली. ऑडिटच्या आदल्या रात्री अख्खी शेड रंगवतात, जमिनीवर पिवळे पट्टे मारतात, न चालणाऱ्या मशीनलासुद्धा तेलपाणी करतात. गंज दाखवून कुणी पास झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

रात्री विचार करता उलगडा झाला. समितीने गंज बघून नापास करावं हीच सुजितची इच्छा असणार. मग आईला उचलून फ्लॅटवर नेलं की झालं. पोरगी त्याच्या बाजूची आहे. चित्राला सांगितलं. ती म्हणाली, "एवढा विचार केलात तर डोकं दुखेल." तिला माणसं ओळखता येत नाहीत.

१६ सप्टेंबर, मंगळवार

ज्ञानोबाशेठला मशीन दाखवलं. त्याने आत टॉर्च मारला, वास घेतला आणि लहान मुलासारखा खूश झाला. "आत पिस्टन झिजलाय, पितळंचा वॉल्व्ह खाल्लाय, दांडा वाकडा हाय. आठ दिवसात नवंकोरं करून देतो. फुकट. उद्धवरावचं म्हणून."

वहिनींना विचारलं. म्हणजे सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती पोरगी तर म्हणली काय करू नका."

मी म्हणालो, "वहिनी, तिचं वय काय, आमचा अनुभव काय."

"तुमी म्हणता तर आसंल." त्या चहा टाकायला आत गेल्या. विश्वास म्हणतात तो हा.

२० सप्टेंबर, शनिवार

मशीन टेम्पोत चढवलं. मशीनखालची ओतीव बिडाची बैठक काही हलेना, ती जागेवरच ठेवली. वहिनी दारात उभ्या होत्या. टेम्पो सुरू झाल्यावर म्हणाल्या, "भावजी, दांडा परत येनार ना?"

"याच्यापेक्षा चांगला येईल."

टेम्पो वळेपर्यंत त्या दारातच होत्या. बायकांना यंत्रातलं फारसं कळत नाही, पण आनंद चेहऱ्यावर दिसतोच. वहिनींचा मात्र आतल्या आत असतो.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज रंगकाम. छत्रीवर बाहेरचा भारी रंग दिला, दहा वर्षांची गॅरंटी. छत्रीच्या कडेला 'पेट्रोल' अशी कुणा पेंटरने हाताने काढलेली लाल अक्षरं होती, पोपडे निघालेली. पेंटरने विचारलं, "ही ठेवू का?" मी पट्टी लावून पाहिली. 'प'पेक्षा 'ल' बोटभर खाली होता. इतकी वर्षं ही चूक लोकांच्या डोक्यावर होती आणि कुणी बोललं नाही. पुसायला सांगितली. कॉम्प्युटरवर कापलेली स्टिकरची अक्षरं उद्या येतील.

सुजितचा चेन्नईहून फोन, कंपनीच्या कामाला गेलाय. कुणीतरी ग्रुपवर फोटो टाकला होता. "काका, प्लीज, मी येईपर्यंत सगळं थांबवा. हात जोडतो." मी "हॅलो, हॅलो, ऐकू येत नाही" म्हणून ठेवून दिला.

चित्रा म्हणाली, "आवाज तर स्वयंपाकघरापर्यंत येत होता."

२७ सप्टेंबर, शनिवार

पिवळे पट्टे मारले. 'येथे थांबा', 'धूम्रपान निषेध', 'आधी सुरक्षा' असे बोर्ड लावले. उरलेल्या रंगात वहिनींच्या दारापुढची ओटीसुद्धा रंगवून टाकली. सहसचिवांनी पाण्याच्या टाकीबद्दल विचारलं.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

आज सगळी भोसरी मशीनची पूजा करते. शेडशेडमधून लेथला झेंडूच्या माळा, प्रेसला नारळ. जन्मभर ज्याने पोट भरलं त्याला वर्षातून एकदा हळदकुंकू, हे मला फार आवडतं. ज्ञानोबाशेठने मुहूर्त बरोबर साधला. मशीन आलं.

काय काम केलंय. जुन्या लोखंडाचा मागमूस नाही. पिस्टन नवा, वॉल्व्ह स्टेनलेसचा, काचेच्या बरण्यांच्या जागी न फुटणाऱ्या प्लास्टिकच्या, पत्राही नवा आणि त्यावर भट्टीत भाजलेला रंग. दांडा तर अखंड सळईतून कातलेला, वर पकड घसरू नये म्हणून जाळी. पाणी भरून दांडा मारला तर बरणी काठोकाठ, थेंब इकडे तिकडे नाही. ज्ञानोबाशेठच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असावं.

वहिनींनी पूजा केली. मग दांडा धरला, सोडला, पुन्हा धरला. म्हणाल्या, "हितं ह्यांच्या आंगठ्याचा खड्डा हुता."

मी म्हणालो, "तो भरून काढायचा प्रश्नच नाही वहिनी, अख्खा दांडाच नवा आहे."

"व्हय," म्हणाल्या, आणि हात पदराला पुसला. ग्रीस लागलं असेल.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

वारसा समिती आली. तिघे जण आणि मैत्री. मी इस्त्रीचा शर्ट घालून पिवळ्या पट्ट्याच्या आत उभा होतो. गाडीतून उतरून त्यातले वयस्कर गृहस्थ इकडेतिकडे बघू लागले आणि त्यांनी मलाच विचारलं, "पंप कुठे आहे?"

मी हात करून दाखवला. ते छत्रीखाली आले, मशीनला फेरी मारली, वाकून बैठक पाहिली. "प्रतिकृती उत्तम झालीय. मूळ कुठे ठेवलंय?"

मी सांगितलं, हेच मूळ. आम्ही सगळं बदललं. प्रत्येक पार्ट. यादी वाचून दाखवली, अभिमानाने. ते ऐकत राहिले. माणूस सुसंस्कृत होता, एकदाही मध्ये बोलला नाही. शेवटी म्हणाले, "मग आता यात जपायचं काय, ते तुम्हीच सांगा."

मैत्री माझ्याकडे बघत नव्हती. वहिनींनी चौघांना पोहे दिले. सगळ्यांनी खाल्ले, चांगले झालेत म्हणाले, आणि गेले.

निकाल तसा यायचाय. वयस्कर लोक पहिल्या भेटीत मुद्दाम कडक वागतात. आमचे जर्मन ऑडिटरही असेच करायचे.

५ ऑक्टोबर, रविवार

मैत्रीने निकाल कळवला. यादीत नाही.

सुजित चेन्नईहून विमानतळावरून सरळ पंपावर आला. मी उत्तरं तयार ठेवली होती. तुला हेच हवं होतं ना, इथून सुरुवात होती. तो पिवळ्या पट्ट्यावर बसला, बॅग मांडीवर. छत्रीकडे बघत होता, जिथे जुनी अक्षरं होती तिथे.

म्हणाला, "काका, अर्ज बाबा असतानाच केला होता मी. दोन वर्षं खेटे घालतोय. आईला फ्लॅटवर करमणार नाही, हे मला कळत नाही का? वर्षाली न् मी इथंच राहायला येणार होतो."

वर्षाली त्याची बायको. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

तो भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणात मी चांगला आहे. त्याने उठताना माझ्या पायांना हात लावला, सवयीने, जाताना लावतो तसा. तयार केलेल्या वाक्यांऐवजी मी 'सुखी राहा' म्हणालो, तेही सवयीने.

६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी ज्ञानोबाशेठला घेऊन कुदळवाडी. जुने पार्ट त्याने तिथल्या भंगारवाल्याला दिले होते. अख्खी सकाळ ढिगाऱ्यात फिरलो. दुकानदार भला माणूस, खुर्ची दिली, पाणी दिलं. "वो लॉट तो जालना गया, अंकल. अब तक सरिया बन गया होगा." सरिया म्हणजे बांधकामाच्या सळया.

ज्ञानोबाशेठ परत येताना एवढंच म्हणाला, "आपन काम चांगलं केलं हुतं, राव." तेच तर वाईट झालं.

उद्धवराव असता तर त्याने मला शिवी दिली असती, आणि मग चहा. आज दोन्हींची फार आठवण झाली.

१९ ऑक्टोबर, रविवार

बचाव समितीचा व्हॉट्सअॅप ग्रुप जोरात आहे. दिवाळीच्या शुभेच्छा. पंपाचं काय झालं हे कुणी विचारलेलं नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

पाडला. जेसीबी सकाळी आला. खांब एकच असल्यामुळे काम सोपं, असं ड्रायव्हर म्हणाला. छत्री एका बाजूला कलली, थोडा वेळ तशीच राहिली आणि मग बसली. रंगाला दहा वर्षांची गॅरंटी होती, तो शेवटपर्यंत उडाला नाही. माझी चोख कामगिरी जमिनीवर पडली होती, आणि तुकड्यातुकड्यावर नवी चकाकी होती.

वहिनींनी जेसीबीच्या ड्रायव्हरला चहा दिला. पोरगा बीडकडचा. घेईना, म्हणाला, "माय, तुमचंच पाडायलो न् तुमचाच च्या कसा पिऊ?"

वहिनी म्हणाल्या, "तू न्हाई तर दुसरा येनार हुता. घे, निवतोय."

वहिनींचा पाटा-वरवंटा सुजितच्या गाडीत ठेवला. सुजित म्हणाला नाही की आई, घरी मिक्सर आहे. वहिनींना घेऊन गाडी गेली. मशीन आणि त्याची बैठक ज्ञानोबाशेठच्या शेडमध्ये नेऊन ठेवली. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. माझ्यामुळे गेलं. रस्त्यामुळे नाही, सुजितमुळे नाही, माझ्यामुळे. हे लिहून बघितलं. लिहिल्याने बरं वाटतं म्हणतात. चित्राला विचारायला हवं, कधीपासून वाटतं.

२० जानेवारी, मंगळवार

ग्रुपवरचे मशीनचे फोटो पाहून हिंजवडीहून अनिश नावाचा तरुण आला. रेस्टॉरंट काढतोय, जुन्या काळच्या पेट्रोल पंपासारखं. खरे पंप पाडायचे आणि त्यांच्यासारखी हॉटेलं काढायची, म्हणजे दोन्हीकडे रोजगार. मशीन त्याला फार आवडलं. फक्त एक अडचण. "सर, पीस भारी आहे, पण खूपच नवीन वाटतोय. थोडं जुनं करून मिळेल का? म्हणजे, गंज वगैरे?"

मी त्याला हाकलणार होतो. आधी वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "द्या, भावजी. शेडमधी झाकून ठिवन्यापरास कुटं तरी उभं ऱ्हाईल."

२९ जानेवारी, गुरुवार

आठ दिवस ज्ञानोबाशेठच्या शेडमध्ये गंज चढवतोय. भाजलेला रंग खरवडायचा, मिठाचं पाणी लावायचं, उन्हात ठेवायचं, पुन्हा लावायचं. स्टेनलेसला गंज धरत नाही म्हणून त्यावर तपकिरी रंग. ज्ञानोबाशेठचे कामगार लांबून बघतात. त्यांना ओरडून ओरडून आम्ही गंज काढायला शिकवलंय.

घरी हात धुतले तरी बोटं तांबडीच. चित्राने अर्धं लिंबू आणून दिलं आणि स्वतःच माझी नखं घासत बसली.

८ फेब्रुवारी, रविवार

आज रेस्टॉरंटचं उद्घाटन. अनिशने सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं, पण गेलो तिघेच, वहिनी, सुजित आणि मी. वर्षालीला रविवारीही सुट्टी नव्हती आणि चित्रा म्हणाली, "हे मी तुमच्याकडून ऐकेन." दारात आमचं मशीन. भोवती जाड दोरी, वर पिवळा दिवा, खाली पाटी: 'अस्सल, जुना. कृपया हात लावू नये.' पोरं-पोरी फोटो काढत होती. गंज झकास दिसत होता. मी पास केला असता.

टेबल मशीनसमोरच होतं. वहिनी उभ्याच राहिल्या. वेटर धावत आला, "आजी, हात लावू नका हां, फार जुनं आहे ते."

"न्हाई लावत," वहिनी म्हणाल्या. मग मला हळूच विचारलं, "भावजी, ह्यात आपलं काय हाय?"

मी मनातल्या मनात वरून खाली आलो. बरण्या नाहीत. पत्रा नाही. पिस्टन, वॉल्व्ह, दांडा, काही नाही. म्हणालो, "खालची बिडाची बैठक तेवढी. ती हलली नव्हती, म्हणून राहिली."

वहिनींनी चपला काढल्या. दोरी वर करून आत गेल्या, खाली बसल्या आणि बैठकीवर हात ठेवला. वेटर "आजी, आजी" करत पुढे झाला. सुजितने त्याला अडवलं, आणि मग तोही बूट काढून आत गेला आणि आईशेजारी जमिनीवर बसला. लोकांनी फोटो काढणं थांबवलं. कुणीतरी गाणं बंद केलं.

मी टेबलापाशीच राहिलो. दोरीच्या आत जायला मला कुणी मनाई केली नव्हती, बोलावलंही नव्हतं.

थोड्या वेळाने वेटर माझ्याकडे आला, वही-पेन घेऊन. "काका, ते येईपर्यंत ऑर्डर घेऊ का? आजींना काय आवडतं?"

इतकी वर्षं त्यांच्या हातचा चहा प्यायलो. मी मेनूकार्ड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि मिटलं. म्हणालो, "थांबा, त्यांनाच विचारू."